टी-शर्ट प्रिंटिंगच्या धंद्यासाठी पॉडकास्ट: काय ऐकावं आणि नाशिकच्या गाळ्यात ते कसं वापरावं

प्रश्न सिडकोतल्या एका तरुण जोडप्याचा आहे. दहा बाय बाराच्या गाळ्यात त्यांनी हीट प्रेस टाकली आहे. डीटीएफचे प्रिंट, म्हणजे फिल्मवर छापलेली आणि हीट प्रेसने कापडावर चिकटवायची चित्रं, बाहेरून मीटरवर आणतात आणि आता स्वतःचं स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई ओढून छापणं, सुरू करायचं म्हणतात. ते विचारतात, "ताई, या धंद्यावरचे पॉडकास्ट ऐका असं बरेच जण सांगतात. पण आम्हाला सापडले ते बहुतेक अमेरिकेतले. कोणते ऐकावेत? आणि नाशिकमध्ये बसून त्यांचा खरंच उपयोग होतो का?"

होतो. मला झाला आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसले. मी 2008 पासून छापते आहे. पंचवटीत दोन लाकडी टेबलांवर सुरुवात केली, आता सातपूरला सहा रंगांचं फिरतं मशीन आहे आणि शेजारी डीटीएफ. या काळात जे शिकले त्यातलं निम्मं हातांनी शिकले, थोडं शाईवाल्यांकडून, आणि बाकीचं कानांनी. पण कानांनी शिकलेलं जसंच्या तसं टेबलावर आणलं तेव्हा दोनदा मोठा फटका बसला, तेही सांगते.

आधी एक जुनी गोष्ट. 2015 च्या सिंहस्थात नाशिकचं पहिलं शाही स्नान 29 ऑगस्टला होतं. त्याच्या आठवडाभर आधी एका अन्नछत्राच्या सेवेकऱ्यांचे टी-शर्ट आमच्याकडे आले. भगवं पॉलिस्टर, पाठीवर पांढरी अक्षरं, 240 नग. रात्री दीडपर्यंत छापले, गरम गरम घड्या घातल्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले आणि घरी गेलो. सकाळी गठ्ठे सोडले तर पांढरी अक्षरं फिकट नारिंगी झालेली. मी शाई विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन भांडले, डबा खराब दिलास म्हणाले. चूक त्याची नव्हती. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं आणि त्यालाही समजावून सांगता आलं नाही. त्या ऑर्डरचे मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत.

कारण कळलं ते पुढे दोन वर्षांनी, पॅकिंग करता करता एका अमेरिकन पॉडकास्टचा भाग ऐकताना. पॉलिस्टर ज्या रंगाने रंगवतात तो डिस्पर्स डाय. पुरेशी उष्णता मिळाली की तो वायुरूप होतो आणि वर छापलेल्या शाईत शिरतो. सब्लिमेशनचा सगळा धंदा याच गुणावर चालतो. तिथे कागदावरचा रंग वायू होऊन पॉलिस्टरमध्ये जातो. आमच्याकडे उलटा प्रवास झाला, कापडातला रंग शाईत आला. त्यात आम्ही गरम टी-शर्ट एकावर एक रचून बांधले, म्हणजे रात्रभर उष्णता आत कोंडून ठेवली. उपायही तिथेच ऐकले: लो-ब्लीड, म्हणजे कापडाचा रंग कमी शोषणारी, पांढरी वापरा, खाली रंग अडवणारा करडा ब्लॉकर बेस मारा, कमी तापमानाला पिकणारी, म्हणजे पक्की होणारी, शाई घ्या, आणि सुकवलेला माल पूर्ण गार झाल्याशिवाय रचू नका. एक नमुना छापून 24 तास ठेवायचा आणि मगच लॉट लावायचा, हा नियम आमच्या भिंतीवर तेव्हापासून लिहिलेला आहे.

पॉडकास्टचा खरा उपयोग मला इथे दिसला. व्हिडिओत हात दिसतात, स्क्विजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, कोन दिसतो, त्यामुळे "कसं करायचं" यासाठी व्हिडिओच बघा. पण चूक का झाली, भाव का चुकला, गिऱ्हाईक का परत आलं नाही, अशा गोष्टींवर तास तास बोलणारी माणसं पॉडकास्टमध्ये भेटतात. आपल्याकडे शेजारचा प्रिंटर भाव विचारला तर विषय बदलतो. तिकडचे छापणारे स्वतःच्या दुकानाचे आकडे आणि स्वतःच्या चुका माइकसमोर सांगतात. शिकण्यासारखं त्यात भरपूर आहे.

आता नावं. चार सांगते, यापेक्षा जास्त सुरुवातीला ऐकूच नका.

पहिला, टू रेग्युलर गाइज. टेरी कोम्ब्स आणि आरोन मॉन्टगोमेरी यांनी 2013 मध्ये सुरू केला. स्क्रीन, भरतकाम, सब्लिमेशन, ट्रान्सफर असं सगळं येतं आणि बोलणं शांत असतं. इंग्रजी कानाला बसवायला हा सोपा जातो. तुम्ही स्क्रीनकडे वळता आहात, तेव्हा सुरुवात इथून करा.

दुसरा, कस्टम अ‍ॅपरेल स्टार्टअप्स. हा फ्लोरिडातल्या टँपामधल्या कोलडेसी या कंपनीचा. नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून तुमच्या सध्याच्या टप्प्याला सगळ्यात जवळचा. भाव कसा लावायचा, पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं, कुठल्या कामाला नाही म्हणायचं, यावरचे भाग मन लावून ऐका. फक्त एवढं लक्षात ठेवा की कोलडेसी भरतकामाची आणि छपाईची मशीनं विकते. मशीन घ्यावं का, कधी घ्यावं, या विषयावर मशीन विकणाऱ्याचं मत हे एक मत म्हणून ऐका आणि आपल्या वहीतल्या आकड्यांना विचारून ठरवा. कंपनी काय विकते ते उघड सांगते, त्यात लपवाछपवी नाही. हिशेब मात्र आपला आपण करायचा.

तिसरा, प्रिंटहसलर्स. हा प्रिंटाव्हो या दुकान चालवण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा. यात शाई कमी आणि कारभार जास्त: ऑर्डर कुठे अडकते, माणसं कशी शिकवायची, मालक दुकानात नसताना काम कसं चालेल. तुम्ही दोघंच आहात तोवर हा बाजूला ठेवा, तिसरा माणूस कामावर घेतलात की काढा. चौथा, द शर्ट शो. छापणाऱ्यांच्या लांबलचक गप्पा. दर भागात उपयोगाचं निघेलच असं नाही, पण या धंद्यात आपण एकटे नाही एवढं कळतं, आणि सीझनमध्ये रात्री बारा वाजता घड्या घालताना तेही हवं असतं.

ऐकायचं कसं, हे नावांइतकंच महत्त्वाचं आहे. छापताना ऐकू नका. रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगाची दुसऱ्याशी जुळणी, केसभर हललं तरी चार नगांनंतर लक्षात येतं आणि चार नग गेलेले असतात. हीट प्रेसवरही नको. घड्या घालताना, पॅकिंग करताना, विनाइल सोलताना, द्वारका चौकात अडकलेले असताना ऐका. दुचाकीवर कानात घालून मात्र नाही. इंग्रजी भरभर वाटलं तर वेग 0.8 वर आणा. अ‍ॅपल पॉडकास्टमध्ये 2024 पासून इंग्रजी भागांची लिखित प्रतही दिसते. न कळलेला शब्द तिथून उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी शाईवाल्याला विचारायचा.

आणि वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक भागाला एकच पान असतं. वर विषय, मधे त्यांनी सांगितलेले आकडे, खाली "आपल्याकडे करून पाहिलं" अशी ओळ आणि तारीख. खालची ओळ रिकामी असेल तर त्या विषयावरचा पुढचा भाग मी लावत नाही. पहिल्या वर्षी मी सव्वाशे भाग ऐकले आणि करून पाहिल्या फक्त नऊ गोष्टी. पुढच्या वर्षी तीस भाग ऐकले, बावीस गोष्टी केल्या, आणि दुकानातला फरक त्याच वर्षी दिसला.

वहीच्या पहिल्या पानावर तीन रूपांतरं लिहून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ गोंधळात जाईल.

कापडाचं वजन ते औंसात सांगतात, एका चौरस यार्डाला इतके औंस. आपण जीएसएम म्हणतो, म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम. औंसाला 34 ने गुणलं की जीएसएम येतो. त्यांचा 5.3 औंसाचा टी-शर्ट म्हणजे आपला 180, आणि 4.2 औंसाचा मऊ, पातळ म्हणजे साधारण 142. त्यांनी "हेवी" म्हटलेला 6 औंसाचा टी-शर्ट आपल्याकडे दोनशेच्या आसपास येतो. आपली कॉलेजची पोरं 240 ओव्हरसाइज मागतात, तेव्हा "हेवीवर अशी शाई मारा" हे ऐकून शाईचं प्रमाण ठरवू नका.

जाळीचा आकडा ते इंचाला किती धागे असा मोजतात, आपली टी असलेली जाळी सेंटिमीटरला मोजलेली असते. त्यांच्या आकड्याला 2.54 ने भागा. त्यांची 110 म्हणजे आपली 43टी, 156 म्हणजे जवळपास 61टी, 230 म्हणजे 90टी. बाजारात नेमका तोच आकडा मिळत नाही, जवळचा घ्यायचा.

तिसरं तापमान. ते फॅरनहाइटमध्ये बोलतात. 320 म्हणजे आपले 160 अंश सेल्सिअस, 270 म्हणजे सुमारे 132. इथेच माझा पहिला फटका आहे. प्लॅस्टिसॉल ही शाई 320 ला पिकते असं ऐकलं, 160 करून घेतलं, ड्रायरच्या डिस्प्लेवर 160 लावलं आणि एका शाळेच्या क्रीडा महोत्सवाचे 140 टी-शर्ट काढले. दोन धुण्यांत शाईला भेगा पडल्या. बोलणारा शाईच्या थराच्या तापमानाबद्दल सांगत होता, मी हवेचं तापमान लावलं होतं. आमच्या छोट्या ड्रायरमध्ये डिस्प्ले 160 दाखवायचा तेव्हा शाई 130 ला जेमतेम पोचायची. शाळेला सगळे बदलून दिले. आज लेझरचा तापमापक बेल्टच्या तोंडाशी टांगलेला असतो आणि दर लॉटचा पहिला नग ताणून बघतो: शाई ताणली जाऊन परत आली तर पिकली, तडकली तर कच्ची. एक नग घरच्या मशीनमध्ये पाच वेळा धुवायचा. माझ्या सासूबाई हे काम आजही आवडीने करतात आणि त्यांचा निकाल शेवटचा असतो.

दुसरा फटका मालाच्या साठ्याचा. अमेरिकन पॉडकास्टमध्ये वारंवार येतं की कोरे टी-शर्ट साठवू नका, पैसा अडकतो, ऑर्डर आली की मागवा. त्यांच्याकडे ते बरोबर आहे. एस अँड एस, सॅनमार यांच्यासारखे मोठे वितरक आहेत आणि बऱ्याच भागांत माल दुसऱ्या दिवशी दारात येतो. मी उत्साहाने रॅक रिकामे केले. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर तिरुपूरहून येणारं पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोदामात सहा दिवस पडून राहिलं. ढोल पथकाचे 90 टी-शर्ट मिळेल त्या भावाने शालिमार आणि मेनरोडच्या दुकानांतून गोळा करावे लागले, त्यात काळ्याच्या तीन छटा आल्या. पथकातल्या मुलांनी काही म्हटलं नाही, पण मिरवणुकीत उन्हात ते नग वेगळे दिसत होते आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तेच बघत होते.

तेव्हापासून माझा नियम असा: काळा, पांढरा, भगवा या तीन रंगांत एम, एल, एक्सएल प्रत्येकी तीस नग कायम रॅकवर. बाकी सगळं ऑर्डरप्रमाणे. तुमच्या गाळ्यात प्रत्येकी दहा ठेवा. पॉडकास्टमधला सल्ला तिथल्या ट्रकवर उभा असतो, आपला ट्रक वेगळा आहे.

कॅलेंडरचंही तसंच. ते शाळांच्या संघांचा सीझन, सुट्ट्यांचा सीझन असं बोलतात. तुम्ही त्यातली पद्धत घ्या, म्हणजे सीझनच्या आठ आठवडे आधी नमुने तयार ठेवणं, आणि तारखा आपल्या घाला. जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. 19 फेब्रुवारीला शिवजयंती, आणि तिथीप्रमाणे साजरी करणारी मंडळं त्यानंतर. 4 मार्चपासून राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधून टी-शर्ट आणि टोप्या निघतात आणि हे गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे गट, ज्यांना गावाचं नाव पाठीवर हवं असतं. 14 एप्रिल. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते, तिच्याबरोबरचे सेवेकरी. मग गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या कंपन्यांच्या भेटी. हे कॅलेंडर भिंतीवर लावा आणि पॉडकास्टमध्ये "सीझनची तयारी" असा भाग आला की याच्यासमोर उभं राहून ऐका.

आता भाव. यावर जास्त लिहिते, कारण माझं दुकान आज उभं आहे ते पॉडकास्टमधून शिकलेल्या एका हिशेबामुळे, आणि नाशिकमध्ये बंद पडलेली जी चार-पाच दुकानं मी जवळून पाहिली ती हा हिशेब न केल्यामुळे पडली.

आपल्याकडे भाव शेजाऱ्याच्या भावावरून ठरतो. तो दोन रंगांचे 25 घेतो, मग मी 23. तिकडे पुन्हा पुन्हा सांगतात की आधी दुकानाचा तासाचा खर्च काढा. मी काढला तेव्हाचे आकडे देते. भाडं 9,000. दोन माणसांचा पगार 26,000. वीज 3,500. मशीनचा हप्ता 5,000. किरकोळ 2,500. आणि माझा स्वतःचा पगार 25,000, जो मी तोवर कधी धरलाच नव्हता. एकूण 71,000. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे 200 तास. भागिले की तासाला 355 रुपये. मला वाटलं, ठीक आहे.

मग एका भागात ऐकलं की 200 ने भागू नका, छपाईच्या कामाचे तास मोजा. गिऱ्हाईक डिझाइन बदलत बसतं तो वेळ, फ्रेम धुण्याचा वेळ, वीज गेल्यावर बसून राहिलेला वेळ हा बिलात येत नाही. मी महिनाभर भिंतीवर कागद लावून रेघा मारल्या. कामाचे तास निघाले 110. म्हणजे तास पडला 645 रुपयांना.

त्या हिशेबाने 60 टी-शर्ट, दोन रंग, असं मंडळाचं काम बघा. रंगाला एक अशा दोन फ्रेम करायला एक तास, सेटिंग अर्धा तास, छपाई दीड तास, सुकवणं आणि घड्या एक तास. चार तासांचे 2,580, शाई, फिल्म आणि इमल्शन (जाळीवर लावायचा, उजेडाने पक्का होणारा लेप) यांचे 400. एकूण 2,980, म्हणजे नगाला जवळपास 50 रुपये, आणि नफा अजून धरलेलाच नाही. मी 23 ने देत होते. तेच काम बारा नगांचं असेल तर वेळ चारचा दोन तासांवर येतो, पण नग बाराच. 1,290 आणि साहित्याचे 250 मिळून 1,540, म्हणजे नगाला 128. बारा नगांचं काम स्क्रीनवर घेणं म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्या खिशातून पैसे देणं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी केल्या. पंचवीसच्या खाली स्क्रीन बंद, ते काम डीटीएफवर. फ्रेमचा चार्ज बिलात वेगळा लिहायला लागले, रंगाला इतके. त्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता तो झाला: चार रंग मागणारी मंडळाची पोरं स्वतःहून दोन रंगांवर आली आणि डिझाइन उलट चांगली दिसू लागली. तिसरं, निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय कापड मागवायचं नाही. काही गिऱ्हाइकं गेली. पहिले चार महिने अवघड होते, ते खोटं सांगणार नाही. पाचव्या महिन्यात काम कमी आणि शिल्लक जास्त असं पहिल्यांदा झालं.

तुमचे आकडे वेगळे असतील, लहान असतील. पण तुम्हा दोघांचा पगार त्यात धराच. घरातली माणसं फुकट राबतात म्हणून आपला भाव स्वस्त दिसतो, आणि मूल लहान असेल, एकाला सहा महिने घरी थांबावं लागलं, की तो भाव टिकत नाही.

डीटीएफवर एक सूचना, कारण तुम्ही मीटरवर आणता. पॉडकास्टमध्ये गँग शीट हा शब्द ऐकाल: एका मीटरवर वेगवेगळ्या ऑर्डरी दाटीने बसवणं. साठ सेंटिमीटर रुंदीच्या फिल्मवर 9 सेंटिमीटरचे छातीचे लोगो अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून बसवले तर आडवे सहा आणि उभे दहा, म्हणजे एका मीटरमध्ये साठ येतात. मोठ्या डिझाइनच्या कडेला उरलेल्या जागेतही पुढच्या ऑर्डरीचे लोगो टाकून ठेवा. स्वतःचं डीटीएफ मशीन घेण्याची घाई मात्र करू नका. त्याची पांढरी शाई खाली बसते, ती रोज फिरती ठेवावी लागते, आणि आठवड्याला चार मीटरच्या कामावर शाई सोडणारं हेड सांभाळणं परवडत नाही.

उधारीबद्दल अमेरिकन पॉडकास्ट फार मदत करणार नाहीत, आपला कायदा बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुम्ही छापून माल दिलात तर खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यामुळे अंबडच्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला बिलावर छापलेला उद्यम क्रमांक दिसला की फरक पडतो. कोरे टी-शर्ट नुसते घेऊन विकले तर तो व्यापार झाला, त्याला हे संरक्षण मिळत नाही. त्यांच्या सेल्स टॅक्सचे भाग सरळ सोडून द्या. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगाला 5 टक्के जीएसटी आहे, एवढं लक्षात असू द्या. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटवरचे भाग मात्र ऐका. कायदा आपला वेगळा, पण कार्टून किंवा क्रिकेट संघाचा लोगो परवानगीशिवाय छापू नये ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे.

आता पुढच्या सिंहस्थाचं. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. सेवेकरी, अन्नछत्रं, स्वयंसेवक, वैद्यकीय पथकं, सगळ्यांचं काम जून-जुलैत येणार आणि नेमकी तेव्हाच आपली हवा छपाईच्या विरोधात असते. कोट केलेली फ्रेम वाळत नाही. हाताला कोरडी लागते, पण इमल्शनच्या आत ओल राहते, मग एक्स्पोजला, म्हणजे उजेड दाखवताना, ती नीट पक्की होत नाही आणि तिसाव्या नगाला फाटते. डीटीएफची चिकटवायची पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, नको तिथे चिकटते. म्हणून या वर्षी दमटपणा आणि फ्रेमरूम या विषयावरचे भाग शोधून ऐका.

इथे एक गोष्ट मला अनुभवाने कळली. बोलणारा कुठल्या गावचा आहे ते आधी ऐकायचं. फ्लोरिडाचा माणूस दमट हवेत छापतो, त्याचं दमटपणाबद्दलचं बोलणं आपल्या श्रावणाला लागू पडतं. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या भागातला पाहुणा मशीनचं नोझल सुकण्याबद्दल, स्टॅटिक विजेबद्दल बोलतो, ते आपल्या एप्रिलला लागू पडतं. आणि थंडीत शाई घट्ट होते, ढवळून गरम करावी लागते, असं उत्तरेकडचे सांगतात ते डिसेंबरच्या सकाळी सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी स्वतः अनुभवते. एकाच दुकानात तीन हवामानं असतात, तेव्हा मी वहीत पाहुण्याचं राज्य लिहून ठेवते. आमच्या फ्रेमसाठी एक बंद कपाट केलं आहे, आत छोटा डीह्युमिडिफायर आणि आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या खाली आल्याशिवाय कोट केलेली फ्रेम एक्स्पोजला जात नाही. कपाट सुताराकडून करून घेतलं, सगळं मिळून एका बिघडलेल्या ऑर्डरीपेक्षा कमी खर्च आला.

शेवटी एक काम तुम्हाला सुचवते, जे मी गेली दोन वर्षं करते आहे. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असलेले काका आहेत. साठीला आले. इमल्शनचा पातळपणा ते थापीवरून घसरण्याच्या वेगावरून ओळखतात, शाई पातळ करायला किती रिड्यूसर घालायचं ते हाताला विचारतात. हे कुठल्या अमेरिकन भागात नाही, कारण त्यात आपल्या बाजारातली शाई आहे, आपली जाळी आहे, गोदाकाठचा पाऊस आहे. ते गेले की हे सगळं त्यांच्याबरोबर जाईल या विचाराने मला अस्वस्थ व्हायचं. म्हणून मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला लागले. दहा-बारा मिनिटांचे तुकडे, एका तुकड्यात एकच विषय. नवीन मुलगा कामाला आला की त्याला पहिल्या आठवड्यात हे ऐकायला देते. मराठीत आहे, आपल्याच टेबलाचं आहे, त्यामुळे त्याला लगेच कळतं.

तुमच्याकडे असे काका नसतील तर ज्याच्याकडून शाई घेता त्याचं रेकॉर्ड करा, परवानगी विचारून. कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्ट बंद करायचे. फोन टी-शर्टच्या गठ्ठ्यांच्या मधे ठेवायचा, कापड आवाजाचा घुमारा खाऊन टाकतं. आणि माणसाला नुसतं बसवून विचारायचं नाही, हातात फ्रेम किंवा डबा द्यायचा. वस्तू हातात असली की ही माणसं मोकळी बोलतात.

काकांना माझा पहिला प्रश्न होता, आषाढात कोट केलेली फ्रेम आतून वाळली हे तुम्हाला कशावरून कळतं? त्यांनी फ्रेम उचलली, गालाला लावली आणि म्हणाले, "गार लागली तर अजून ओल आहे." मग अकरा मिनिटं बोलले. आर्द्रतामापक घेतल्यावर मी दोन्ही ताडून पाहिलं. गाल आणि काटा क्वचितच वेगळं सांगतात. ते रेकॉर्डिंग तुम्हाला हवं असेल तर दुकानात या, फोनवर पाठवते.